चूळ, गुळणी आणि माऊथवॉश
(नौपाडा येथील आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आरोग्य समितीचे कार्यकर्ते आज दोन शब्द बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. परंतु ज्या तोंडाने आपण जेवतो, बोलतो, वंदना म्हणतो, त्या तोंडाची निगा हा विषय लहान कसा म्हणावा?

आपल्यापैकी बरेच जण गावाकडून आलेले. तेथे कोणी राखुंडीने दात घासत, कोणी कडुनिंबाच्या काडीने, आणि आपल्या अनेक आया-आज्या मिसरीने. पुढे दंतमंजने आली, मग टूथपेस्ट आली. जवळच्या डोंबिवलीत ज्यांचा कारखाना उभा राहिला, त्या विको कंपनीची सुरुवात 1952 साली वज्रदंतीच्या दंतमंजनाने झाली, हे आपणांस ठाऊक असेल. आता गोखले रोडवरील औषधांच्या दुकानात निळ्या-हिरव्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्या माऊथवॉशच्या बाटल्यांविषयी आपल्या भगिनी आम्हांस नेहमी विचारतात, म्हणून हा विषय.

मुखशुद्धी आपल्याला नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्षूंना दंतकाष्ठ, म्हणजे दातवण, वापरण्याची अनुमती दिल्याचे आले आहे. दातवण न केल्याचे पाच तोटे तेथे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येते, चव नीट कळत नाही, अन्न रुचत नाही, हे त्यांपैकीच. दातवण आठ अंगुळांहून लांब नसावे आणि चार अंगुळांहून आखूड नसावे, असा नियमही आहे, कारण आखूड काडी घशात अडकते. इतका बारीक विचार त्या काळी झाला होता.

माऊथवॉशचा जन्म मात्र वेगळ्या कारणाने झाला. 1879 साली अमेरिकेत लिस्टरीन तयार झाले ते शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारण्यासाठी. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याला नाव मिळाले. 1920 नंतरच्या दशकात कंपनीने मुखदुर्गंधीची भीती घालणाऱ्या जाहिराती केल्या आणि घरोघरी बाटली पोहोचली. तात्पर्य, जाहिरात पाहून नव्हे तर गरज पाहून वस्तू घ्यावी.

मग गरज कोणती? दातांवर साचणारा चिकट थर हे किडीचे आणि हिरड्यांच्या रोगाचे मूळ. तो थर ब्रशने घासल्याशिवाय निघत नाही. खरकटे भांडे नुसते विसळले तर स्वच्छ होते का? तसेच हे. म्हणून सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दोन वेळा, दोन-दोन मिनिटे, फ्लोराईड असलेल्या पेस्टने दात घासणे हे पहिले काम. जीभही हलकेच घासावी, कारण दुर्गंधी बहुतेक वेळा जिभेवरून आणि हिरड्यांतून येते. माऊथवॉश हा या कामाला मदतनीस आहे, त्याचा बदली कामगार नव्हे.

वापरायचाच असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ब्रश केल्यावर लगेच माऊथवॉश घेऊ नये. पेस्टमधील फ्लोराईड दातांवर राहू द्यावे, नुसते थुंकावे. माऊथवॉश दुपारच्या जेवणानंतर घ्यावा आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. दोन, बाटलीवर लिहिले असेल तेवढेच माप घ्यावे, खळखळून थुंकावे, गिळू नये. सहा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये. तीन, क्लोरहेक्झिडीन नावाचे औषध असलेला माऊथवॉश हिरड्यांच्या दुखण्यावर गुणकारी आहे, पण तो दंतवैद्यांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावा. फार दिवस घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते.

एका वयस्क उपासिकेने आम्हांला विचारले, "बाळांनो, या बाटलीत दारूचा अंश असतो म्हणतात. मग माझे पाचवे शील मोडेल का?" प्रश्न ऐकून काही जण हसले, पण आम्हांला तो मोलाचा वाटला. काही माऊथवॉशमध्ये अल्कोहोल असते, हे खरे. ते नशेसाठी पिण्याचे नाही, थुंकण्याचे आहे. तरीही मनाला खटकत असेल, तोंड कोरडे पडत असेल, तर अल्कोहोल नसलेला माऊथवॉश मिळतो, तो घ्यावा.

आणि बाटली परवडत नसेल तर कमीपणा मानू नये. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला, दाढ काढल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून जखमेला आराम पडतो. प्रत्येक जेवणानंतर साध्या पाण्याने चूळ भरणे, याला तर पैसाही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वस्तीतील एक ताई वर्षानुवर्षे मिसरी लावीत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडाला वास येतो म्हणून मुलाने बाटली आणून दिली. वास गेला, सर्वांना बरे वाटले. गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, तो मात्र बाटलीने झाकला गेला. तिखट झोंबू लागले तेव्हाही ताई गुळण्याच करीत राहिल्या. आम्ही आग्रह करून तपासणीला नेले. वेळेत नेले म्हणून उपचार झाले, आज त्या आपल्यात आहेत. पण मधले महिने वाया गेले, याची रुखरुख आम्हांला आहे. आम्ही रोज त्यांच्या दारावरून जात होतो, विचारले मात्र नव्हते.

म्हणून सांगतो, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण रक्त येणे, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काहीही दिसले तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय जवळ आहे, मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, आणि परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण घरातील मिसरीच्या डबीवर बंदी आपणच घालायची आहे. सुपारीही निरुपद्रवी नाही, तिने तोंड उघडेनासे होते.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. उजेडात आरसा धरून आपले तोंड पाहा, आणि आपल्या आईचेही पाहा. तिने कधी कोणाला तोंड उघडून दाखवलेले नसेल.