अकरा मिनिटांची दाद

तारऑफिसातलं कडकट्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. युरोप-कॅनडातले काही हौशी रेडिओवाले तेच मोर्स इतकं सावकाश पाठवतात, की कानाला कळूच नये. त्यांची लहर १३६ किलोहर्ट्झची, म्हणजे तब्बल २२०० मीटर लांब. तिला पुरेल असा एरियल परसात कुठून उभारणार? झाडाला तार बांधतात. बरीचशी शक्ती जमिनीतच जिरते. २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेनं मर्यादाही एका वॅटचीच घातली. मग एकेक टिंब ६० सेकंद धरायचं, रेघ त्याच्या तिप्पट. पलीकडे संगणकाच्या पडद्यावर पुसट खुणा उमटत जातात. उत्तरेकडच्या हिवाळी रात्री लांबलचक, विजांची खरखर कमी. अशा रात्रींत हे संदेश अटलांटिकपार गेले आहेत.

पोच देण्याची रीत मला फार आवडली. 'टी' म्हणजे नुसता माग लागला. 'ओ' म्हणजे सगळं नीट वाचलं. 'ओ'च्या तीन रेघा, मधली विश्रांती धरून ११ मिनिटं! मुशायऱ्यात आमच्या शेराला दोन सेकंदांत 'वाहवा' मिळते, आणि शेर पुरता ऐकला का, ही शंका उरतेच. इथे बोलणं म्हणजे आपली खूण आणि पोच, बस्स. मध्येच उजाडलं, तर उरलेली अक्षरं दुसऱ्या रात्री.