पेपर होईपर्यंत सांगू नका

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त लखनऊ येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवात शाळेचे गुणगान करावे, अशी रीत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते काम माझ्याहून चांगले केले आहे. संयोजकांनी मला ‘शाळेच्या आठवणी’ हा विषय दिला. मी एकच आठवण सांगणार आहे. ती सुखाची नाही. पण या सभेत बसलेल्या प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे, म्हणून ती सांगण्याची परवानगी असावी.

आपण खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईवाली माणसे. दुष्काळाने बाहेर काढले आणि मूस, भट्टी नि तेजाब घेऊन आपल्या आधीच्या पिढ्या हिंदुस्थानभर पसरल्या. आपले वडील गोल दरवाज्याच्या आतल्या गल्ल्यांत सोने गाळत बसले, आणि आपण मात्र गावी आजीपाशी राहून मराठी शाळेत शिकलो. बाप लखनऊला, मूल गावाला, मध्ये पोस्टमन. आपल्यापैकी निम्म्या लोकांचे बालपण एवढ्यात मावेल. त्यामुळे घरावर संकट आले की ते आपल्याकडे आधी तारेने यायचे, आता फोनवर येते. आणि दहावीच्या मुलाच्या बाबतीत त्या तारेबरोबर एक वाक्य हमखास यायचे, अजूनही येते : ‘पेपर होईपर्यंत त्याला सांगू नका.’

मी १९७९ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेला बसलो. इंग्रजीचा पेपर देऊन विट्याहून घरी आलो, तर आजी दारात नव्हती. तोवर एकही दिवस असा गेला नव्हता. ती परसात शेण्या थापत होती. हातपाय धुऊन मी सवयीप्रमाणे देवापुढे जायला निघालो, तशी ती मागून म्हणाली, “बाहेरूनच नमस्कार कर, बाळ.” देवघरात दिवा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. घरात देवपूजा केव्हा थांबते, हे आपल्याकडच्या सोळा वर्षांच्या मुलाला सांगावे लागत नाही. शेजारच्या बायका मागच्या दाराने येत आणि मला पाहून कुजबुज थांबवीत. वर्षभर ज्यांनी छडीखेरीज दुसरी भाषा वापरली नाही, ते आमचे सर मला सायकलवर डबलसीट घेऊन केंद्रावर सोडायला आले आणि वाटेत त्यांनी मला चहा पाजला. त्या चहाने माझी खात्री झाली.

सुतक कोणाचे, हे मी विचारले नाही. छातीच्या दुखण्याने वडील दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते. आई आणि धाकटा भाऊ लखनऊला त्यांच्यापाशी होते. विचारले असते तर आजीला रडावे लागले असते, आणि ती रडू नये म्हणून सारे गाव धडपडत होते. तिचा मुलगा गेला होता. ती मला भाकरी वाढत होती, उद्या कोणता पेपर म्हणून विचारत होती आणि परसात जाऊन शेण्या थापत होती. इतक्या शेण्या आमच्या घराला दोन वर्षे पुरल्या असत्या. ती मला सांभाळत होती, मी तिला सांभाळत होतो, आणि एका खोलीत राहून आम्ही दोघे एकेकटे होतो.

गणिताच्या पेपरात पहिला प्रश्न मी चार वेळा वाचला. अक्षरे दिसत होती, अर्थ लागत नव्हता. तीन तास मी सज्जन मुलासारखा बसून राहिलो. शेवटच्या पेपरानंतर चुलते पुढे आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जे सांगायचे ते सांगितले. मी रडलो, पण खरे सांगायचे तर त्या रडण्यात सुटकाही होती. गोमतीच्या काठी काकांनी अग्नी दिला होता. तेव्हा लखनऊला पोहोचायला दोन-तीन दिवस लागत, त्यामुळे मी तसाही पोहोचलो नसतो. ती खंत मला नाही. खंत त्या आठ दिवसांची आहे.

निकाल लागला. गणितात नापास. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून विचारले, “बाकी विषयांत इतके गुण आणि गणितात हे कसे रे?” मी म्हणालो, “मला माहीत होतं, सर.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग बोलला का नाहीस?” आणि माझ्या तोंडून निघून गेले, “तुम्हीही बोलला नाहीत.” हे उद्धट उत्तर होते. त्या माणसाने त्याबद्दल मला शिक्षा केली नाही. जूनपासून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत शाळा सुटल्यावर रोज एक तास त्यांनी मला गणित शिकवले. माझा राग तेव्हाच गेला, आणि आज मी कोणावर ठपका ठेवायला उभा नाही. त्या मोठ्या माणसांचा हिशेब साधा होता : मुलगा दहावी नापास झाला की थेट भट्टीवर जाणार, बाप गेला तो गेला, निदान वर्ष तरी वाचवू. हिशेब प्रेमाचाच होता. चुकला तो एवढ्याच ठिकाणी, की मुलाला काही कळत नाही असे त्यात गृहीत धरले होते.

परीक्षेच्या दारातून परत फिरण्याची आपल्या मुलखातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट महर्षी कर्व्यांची आहे. ‘आत्मवृत्त’ वाचलेल्यांना ती आठवत असेल. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी भर पावसात सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला बसूच दिले नाही. पुढे ते भारतरत्न झाले म्हणून आपण ती गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. मला मात्र ती वाचताना दरवेळी वाटते, की त्या दारात त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणारा एखादा वडीलधारा उभा असायला हवा होता. जिद्द त्याच्याकडे भरपूर होती. उणीव दुसऱ्या कशाची तरी होती.

आणि ‘दुःख गिळून मैदानात उतरावे’ असे म्हणणारे सचिन तेंडुलकरचे उदाहरण देतात. १९९९ च्या विश्वचषकात वडील, म्हणजे आपले कवी रमेश तेंडुलकर, गेल्यावर तो परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. पण त्याला बातमी लगेच सांगितली गेली होती, हे आपण विसरतो. तो मुंबईला आला, वडिलांना निरोप दिला आणि मग सारे ठाऊक असताना परत गेला. माझी तक्रार एवढीच, की आपण मुलाकडून शतकाची अपेक्षा करतो आणि त्याला मुंबईला येऊ देत नाही.

त्यानंतर मी लखनऊला आलो, इथेच शिकलो आणि एका इंटर कॉलेजात एकतीस वर्षे शिकवून यंदा निवृत्त झालो. तेवढ्या काळात परीक्षेच्या तोंडावर मुलांवर काय काय कोसळते ते पाहिले. मरण हे त्यातले एक. आईबापांची भांडणे, कर्जदार दारात, दुकानावर छापा, आजारी आईचे करणे. आणि मुलींच्या बाबतीत मध्येच ठरलेले लग्न. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, या शहराने काय भोगले ते तुम्हांला मी सांगायला नको. त्या महिन्यात वडील गेलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्या वर्षी परीक्षाच रद्द झाल्या. पोरगा सावरला असे सर्वांनी धरले. २०२२ च्या परीक्षेआधी सराव परीक्षेत त्याने कोरी उत्तरपत्रिका दिली. आई म्हणाली, “आता तर वर्ष होत आलं, सर!” वर्ष होत आले होते म्हणूनच. वर्षश्राद्ध आणि बोर्डाची परीक्षा हातात हात घालून येत होती, आणि पोर सकाळ-संध्याकाळ दुकान उघडत होते. आम्ही काही मोठे केले नाही. महिनाभर दुकान मामांनी उघडायचे, आणि मुलाने संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात बसायचे, एवढे ठरवले. तो पहिल्या श्रेणीत वगैरे आला नाही. उत्तीर्ण झाला.

आता थोडे व्यवहाराचे. एका मुलाच्या घरी दुःख झाले म्हणून कोणतेही बोर्ड पेपर पुढे ढकलत नाही, हे आधी समजून घ्या. पण एक पेपर बुडाला म्हणजे जन्म बुडाला, असेही आता नाही. महाराष्ट्र बोर्डात आमच्या वेळी ऑक्टोबरची परीक्षा होती. आता पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते. दहावीत दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येते. तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा आजारपणाने वा अपरिहार्य कारणाने हुकली तर ‘आउट ऑफ टर्न’ची सोय असते, मात्र ती शाळेमार्फत मागावी लागते. ऐनवेळी हात मोडला तर वैद्यकीय दाखल्यासह अर्ज करून विभागीय मंडळाच्या परवानगीने लेखनिक मिळू शकतो. सांगलीकरांसाठी विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे. इथल्या यूपी बोर्डात आणि सीबीएसईतही एखाद-दुसऱ्या विषयासाठी कंपार्टमेंट आहे. पण या प्रत्येक दाराची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते, आणि त्यांना कळवलेच नाही तर ते काय करणार? आणखी एक : घरी संकट आले म्हणून दहावीच्या मध्येच मुलाला गावाहून उचलून इकडे आणू नका. बोर्डाची नोंदणी नववीतच झालेली असते; अशा घाईत वर्ष हातचे जाते.

मन मोकळे करायला घरात कोणी नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते. परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते. मी हे सांगतो तेव्हा आपली माणसे म्हणतात, “घरचं बाहेर कशाला सांगायचं?” राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. घरचे बाहेर न सांगण्याची किंमत कधीकधी ही असते.

मुलाला कसे सांगावे, हे मला अनेकजण विचारतात. त्याची काही पोथी नाही. त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने, बसून, खरे तेच सांगावे. मग त्यालाच विचारावे : उद्या पेपरला जायचे का? जायचे म्हणाला तर बरोबर जावे. नाही म्हणाला तर जुलै आहे.

मुख्याध्यापकांशी माझे काल रात्री बोलणे झाले आहे. दहावीच्या प्रत्येक मुलामागे शाळेत एक शिक्षक नेमायचा आणि त्या शिक्षकाचा फोन इकडच्या पालकाकडे असायचा, इकडचा त्यांच्याकडे, हे त्यांनी मान्य केले आहे. लखनऊत राहून गावी मुले ठेवणाऱ्या घरांची यादी शाळेकडे नाही. मी एक वही आणली आहे, ती दारापाशी ठेवली आहे. जेवायला बसण्यापूर्वी त्यात मुलाचे नाव, इयत्ता, इथला पत्ता आणि दोन फोन लिहा : एक आपला आणि एक अशा माणसाचा, जो वाईट बातमी नीट सांगू शकेल. दुसरा क्रमांक लिहायला वेळ लागेल, मला ठाऊक आहे. घाई करू नका. मी वही घेऊन शेवटची पंगत उठेपर्यंत थांबणार आहे.