मुदत संपलेला राखणदार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणी बिबड्या-कुरडयांवर बोलते, कोणी कानबाईच्या रोटांवर. चिटणीसताईंनी मला "तुम्ही कॉम्प्युटरवर बोला" असे सांगितले, तेव्हा मला घामच फुटला. मी सातवी शिकलेली बाई. पण ज्या गोष्टीने चार महिने माझी झोप उडवली, ती सांगायला शिक्षण कशाला हवे, असा विचार करून उभी राहिले आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आपल्या बचत गटाचा हिशेब माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंत्र २०१५ साली जळगावला घेतले. मुलगा पुढे धुळ्याला शिकायला गेला आणि ते माझ्या वाट्याला आले. घेतले तेव्हाच त्यात संरक्षणाचा एक प्रोग्राम, म्हणजे अँटिव्हायरस, थोडे दिवस फुकट म्हणून घातलेला होता. पुढे यंत्र दुरुस्तीला दिले, तर तिथून न विचारता दुसरा एक घालून आला. दोघांचीही मुदत संपली. राखण थांबली, पण ओरडणे थांबेना. हिशेब उघडला की कोपऱ्यात लाल चौकट येई : "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, पैसे भरा!" आणि यंत्र इतके मंद झाले की बटण दाबून मी कणीक मळून येई, तरी ते सुरू झालेले नसे.

असे का होते ते मला नंतर समजले. पूर्वी गावाला जागल्या असे. त्याला गावातली माणसे आणि चोर दोन्ही ओळखू येत. अँटिव्हायरसचेही तसेच. त्याच्याजवळ ओळखीच्या चोरांची यादी असते. आपण कोणतीही फाइल उघडली की तो ती यादीशी ताडून पाहतो. रोज नवे चोर निघतात, म्हणून यादीही रोज नवी लागते. मुदत संपली की नवी नावे येणे थांबते. तो दारात बसतो खरा, पण आंधळा होऊन. आणि एका दारात दोन जागले बसवले, तर एकाच फाइलला दोघे अडवतात. जुन्या यंत्राची ताकद ती केवढी! ती त्यांच्या ओढाताणीतच संपते.

मी काय केले? पडद्यावरची त्याची चित्रे पुसून टाकली आणि सुटले म्हणून समाधान मानले. पण ती नुसती दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून बिऱ्हाड हलत नाही.

आता जे सांगते ते मी घरातही दोन दिवस सांगितले नव्हते. हे प्रोग्राम कसे काढावेत ते शोधताना एके संध्याकाळी सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि एक फोन नंबर आला. घाबरून मी फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फार गोड बोलत होता. मला तुमचा पडदा दिसू द्या म्हणाला, त्यासाठी एक प्रोग्राम घ्या म्हणाला. मी घेऊ लागले होते. मग त्याने विचारले, "बँकेचा मेसेज कोणत्या मोबाइलवर येतो?" गटाच्या खात्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर येतो, भगिनींनो. तुम्ही भाजीतून, शिलाईतून वाचवलेले पैसे डोळ्यांपुढे आले. मी फोन ठेवला, यंत्राची वायर उपटली आणि अंधारात बसून राहिले. पैसे वाचले. पण लाज वाटली म्हणून गप्प बसले, ही माझी चूक. गप्प बसलेल्या बाईवरच असल्या लोकांचे पोट चालते.

शेवटी शेजारची पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी आली. "काकू, तुम्हीच करा, मी नुसती बघते," म्हणाली. तिने सांगितलेला क्रम असा. आधी हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. मग कंट्रोल पॅनलमध्ये 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडायचे, नको असलेले नाव निवडून 'अनइन्स्टॉल' म्हणायचे आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. एका वेळी एकच काढायचा. एवढ्यानेही अवशेष उरले, तर पुष्कळ कंपन्या आपला प्रोग्राम समूळ काढण्याचे साधन स्वतःच फुकट देतात. ते त्याच कंपनीच्या जागेवरून घ्यावे, भलत्या ठिकाणाहून घेऊ नये. माझा दुसरा प्रोग्राम असाच गेला.

मग राखण कोण करणार? विंडोज १० मध्ये डिफेंडर नावाचा घरचाच राखणदार असतो. बाहेरचा गेला की तो आपोआप उभा राहतो. पण जुन्या घराच्या भिंतीही जुन्या. विंडोज ७ ची नेहमीची डागडुजी कंपनीने १४ जानेवारी २०२० ला थांबवली, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणून या यंत्रावर मी हिशेब लिहिते, बँकेचा व्यवहार करीत नाही.

एक गंमत सांगते. आपल्या घरात असतात तसल्या कॉम्प्युटरवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला, आणि त्यात आपले नाव-पत्तासुद्धा घातला! पुढे पुण्यात कैलास आणि संजय काटकर या दोघा भावांनी व्हायरसवरचे औषध काढले. त्यातूनच क्विक हील उभी राहिली. थोरले कैलासराव दहावीपर्यंतच शिकलेले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. माझ्या त्रासाशी त्यांचा काही संबंध नाही. शिक्षण थोडे म्हणून माणूस अडत नाही, एवढ्यासाठी सांगितले.

तेव्हा पडद्यावर नंबर दिसला तर फोन करू नका. खरा राखणदार भोंगा वाजवून फोन करायला लावीत नाही. फसगत झालीच, तर लगेच १९३० या सरकारी नंबरावर कळवा आणि बँकेलाही सांगा. आणि त्याआधी शेजारणीला हाक मारा. मंडळ त्यासाठीच आहे.

हिशेबाची एक नक्कल आता अध्यक्षीणबाईंच्या कपाटात असते. दर महिन्याला ती नवी करून देण्याचे काम मी आनंदाने पत्करले आहे. ज्यांच्या घरी असेच जुने यंत्र ओरडत असेल, त्यांनी दुपारी हाक मारावी, मी येईन.