एक युनिट म्हणजे किती?

भिवंडींतील मागावरच्या कारागिरास कापडाचें माप शिकवावें लागत नाहीं. धोटा मिनिटाला किती फेऱ्या घालतो हें मागाच्या वेगाचें माप, आणि पाळी संपतांना किती कापड गुंडाळलें गेलें हें झालेल्या कामाचें माप. या दोहोंची गल्लत तो कधीं करीत नाहीं. त्याच्याच घरीं विजेचें बिल आलें म्हणजे मात्र ही गल्लत सर्रास होते. वॅट हा मागाचा वेग होय. युनिट हें विणलेलें कापड होय. एक हजार वॅटचें उपकरण तासभर चाललें कीं एक युनिट खर्ची पडतें. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्याच विजेवर सव्वातेरा तास फिरतो. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण तापावर अर्ध्या तासांत ती संपविते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. अर्थात् ओट्यावरची ती चिमुकली शेगडी एक अश्वशक्तीच्या सुमारें पावणेतीन मोटारींइतकी वीज ओढते!

ज्या मँचेस्टरचें नांव भिवंडीस कौतुकानें देण्यांत येतें, त्याच्या शेजारीं सॅल्फर्ड येथें १८१८ सालीं जेम्स जूल जन्मला. काम आणि उष्णता यांचें परस्परांशीं प्रमाण ठराविक आहे, हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. म्हणूनच गॅस आणि वीज एकाच तराजूंत घालतां येतात. एका युनिटांत ३६ लाख जूल असतात. १४.२ किलोच्या सिलिंडरांतील सर्व गॅस जळला तर सुमारें १८० युनिटांइतकी उष्णता निघते. ती सगळी भांड्यांत उतरत नाहीं. चांगल्या शेगडीवरहि दोनतृतीयांशच उपयोगीं पडते. बाकीची स्वयंपाकघर तापविण्यांत जाते. इंडक्शनवर शंभरांतील सुमारें पंचाऐंशी भाग पदरांत पडतात. सारांश, एका सिलिंडरचा स्वयंपाक विजेवर करावयाचा तर १४५ च्या आसपास युनिटें लागतील.

आतां पैशांकडे वळावें. मुंबईंत मार्च २०२३ मध्यें घरगुती सिलिंडर ११०२ रुपये ५० पैशांस होता. त्या ऑगस्टअखेर तो दोनशें रुपयांनीं आणि मार्च २०२४ मध्यें आणखी शंभरांनीं उतरला. एप्रिल २०२५ मध्यें पुन्हां पन्नास रुपये चढला. ८०२ रुपये ५० पैसे हा मधला भाव धरला, तर विजेचें युनिट साडेपांच रुपयांपर्यंत मिळालें तरच इंडक्शन गॅसला तोडीस तोड ठरते.

भिवंडींतील वीजवितरण महावितरणनें २००७ च्या जानेवारींत टोरेंट पॉवर कंपनीकडे सोंपविलें. तेव्हांपासून दरवाढीचा दोष कंपनीच्या माथीं मारण्याची वहिवाट पडली आहे. दर ठरवितो तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. २०२४-२५ सालीं पहिल्या शंभर युनिटांस ४ रुपये ७१ पैसे, त्यापुढील दोनशेंस १० रुपये २९ पैसे असा दर होता. त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे, आणि वर शासनाचें १६ टक्के शुल्क. म्हणजे शंभराच्या आंतील युनिट पावणेसात रुपयांच्या किंचित् वर, तर एकशें एकावें सव्वातेरा रुपयांच्या पुढें! विजेला शिव्या देणाऱ्या कित्येक घरांत प्रत्यक्षांत महागलेली नसते ती वीज. त्यांनीं ही शंभराची वेस ओलांडलेली असते.

जेथें पंखे आणि फ्रीज यांतच पहिलीं शंभर युनिटें जातात, तेथें इंडक्शनवर वरण शिजविणें त्या वर्षींच्या हिशेबानें गॅसच्या दुपटीहून महाग पडे. वेसीच्या आंत राहणाऱ्या लहान कुटुंबास हा फरक थोडा. गॅस संपलेल्या दिवशीं त्यानें खुशाल विजेवर चहा ठेवावा. कुकर आणि भांड्यावरचें झांकण हे दोन्हीकडे सारखेच उपकारक. मीटरचा आंकडा मात्र बिलाची वाट न पाहतां मध्येंच एकदां वाचावा. मागील बिलावरील आंकडा त्यांतून वजा केला कीं शंभरापर्यंत किती युनिटें उरलीं हें शाळकरी मुलालाहि सांगतां येतें.