फडाबाहेरची कुस्ती
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कुस्तीवर व्याख्यान म्हटलं की वक्त्यानं शाहू महाराजांच्या खासबागेपासून सुरुवात करायची आणि हल्लीची पोरं मोबाइलनं बिघडली इथं येऊन थांबायचं, असा रिवाज पडलाय. आज मी तो मोडणार आहे. कुस्तीच्या भोवतीनं जे बोललं जातं, त्यावर मला बोलायचंय. कुणाची जोड कुणाशी लागली, इनाम खरंच किती ठरलं, पैलवानाचा गुडघा दुखतोय की तो जोड टाळतोय, पंच कुणाच्या जवळचा, कुस्ती खरी की ठरवून केलेली. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत पारावर, एसटी स्टँडवर, कटिंगच्या दुकानात हेच चालतं. शिकलेली माणसं याला टवाळकी समजतात. मला ती मैदानाची हिशेबवही वाटते. अलीकडं या वहीत खाडाखोड फार व्हायला लागलीय, ती का, हे आज पाहू.

जत्रेच्या मैदानापासून निघू. कुंडलचं मोठं मैदान घ्या, नाहीतर तुमच्या गावचं लहान. कितीतरी दिवस आधी पोस्टर लागतं. वर ग्रामदैवत, त्याखाली पुढारी, आणि मग जागा उरली तर पैलवान. नंबर एकची कुस्ती: डावीकडं एक फोटो, उजवीकडं एक, मध्ये 'विरुद्ध'. पोस्टर चिकटवायची खळ वाळायच्या आत चर्चा सुरू. पंजाबचा म्हणून छापलाय तो खरंच पंजाबचा का? गेल्या वर्षी हा अमक्या मैदानात आला होता, तेव्हा दुसऱ्याच नावानं आला होता म्हणतात. आणि हा कुठला केसरी? आपल्याकडं आता तालुक्याला केसरी आहे, साखर कारखान्याला आहे, पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही आहे. उद्या सोसायटीच्या चेअरमनपदाचा निकाल लागला तरी गदा निघेल.

प्रत्यक्ष मैदानाच्या दिवशी मात्र ही वटवट थोडी दबते. दुपारी हलगी कडाडते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास येतो. आधी पोरांच्या कुस्त्या. पूर्वी रेवड्यांवर व्हायच्या, आता नोटांवर होतात. जिंकलेलं पोर अंगाला माती तशीच घेऊन फडाच्या कडेनं फिरतं, लोक त्याच्या हातावर दहा-वीस ठेवतात, कुणी पाठीवर थाप मारून मोकळा होतो. मग दिवस कलताना मोठी कुस्ती लागते. सलामी होते, खडाखडी सुरू होते. अशा वेळी पैलवानांकडं बघू नका, कडेला उकिडवे बसलेल्या म्हाताऱ्यांकडं बघा. त्यांची नजर पैलवानांच्या पायांवर असते. पुढचा पाय कोण मागं चोरतोय, मानेवरचा हात मान ओढतोय की नुसता ठेवलाय, पटाला हात घातला तो घ्यायला की दाखवायला, हे त्यांना तिथनं दिसतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कुणी डाव टाकत नाही. मग एक जण शेजाऱ्याच्या कानाला लागतो: ''ठरलंय.'' ते पुटपुटणं फडाला वळसा घालून निवेदकापर्यंत पोचतं. निवेदक माइकवरून दोघांच्या वस्तादांची नावं घेऊन लाज काढतो, पंच दटावतो, कमिटीवाला इनाम रोखायचा दम भरतो. आणि मग त्या दोघांतला एक जण चिडून खरोखरच घिस्सा ओढतो! ठरलेली कुस्ती खरी करायची ताकद त्या कुजबुजीत असते.

ठरवून कुस्ती करणाऱ्या पैलवानाला मी एकदम चोर म्हणणार नाही. त्याचा हंगाम जत्रांचा. दूध, तूप, बदाम, तालमीचा खर्च, सगळं त्या चार-पाच महिन्यांतल्या मैदानांवर निघायचं. आज इथं, परवा तिथं. गुडघा गेला की वर्ष गेलं. समोरचाही बहुतेक वेळा ओळखीचा, एकाच तालमीत जोर मारलेला. बरोबरीत सोडवली तर इनाम वाटून मिळतं आणि हाडं शाबूत राहतात. हा हिशेब कडेच्या म्हाताऱ्यालाही कळतो, म्हणून तो शिव्या देतो तरी पुढच्या मैदानाला येतो.

आता याचं उलटं टोक बघा. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि आपल्या पोरांना अमेरिकेतले पैलवान भेटले. त्यांच्या पत्त्यांचे कॅट शाळेत जप्त व्हायचे. अंडरटेकर सात वेळा मेला आणि जिवंत झाला, ही बातमी त्या काळात साताऱ्याच्या पोराला माहीत होती, सांगलीच्या पोराला माहीत होती, आणि दोघांनाही ती कुणी सांगितली याचा पत्ता नव्हता. तिथला मामला मात्र उघड आहे. १९८९ मध्ये त्या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीनं न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढं स्वतःच सांगून टाकलं की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर चुकवायचे होते. निकाल आधी लिहिलेला असतो हे तिथल्या प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि तो लिहिणाऱ्यालाच दाद देतो किंवा शिव्या घालतो. आपल्याकडंही दारासिंग-किंगकाँगच्या फ्रीस्टाइलला मुंबईत गर्दी उसळायची आणि परतताना निम्मे लोक म्हणायचे, सगळं नाटक. तरी तिकीट काढायचे. पण जत्रेच्या फडात 'नाटक' हा शब्द शिवीसारखा लागतो. तिथं लोक खरेपणाचे पैसे देतात.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट पदकाच्या बाजूनं तुम्ही शंभरदा ऐकलीय. मला ती पंचांच्या बाजूनं सांगायचीय. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. नंतर १९५२ ची निवड आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एक गुण! त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि तिथं समोरच्याला लोळवून त्यांनी आपली जागा मिळवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली लढत संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवविरुद्ध त्यांचं नाव पुकारलं गेलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. तो पंचांना सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मला नेहमी वाटतं, त्या दिवशी हेलसिंकीच्या गॅलरीत कराडकडची चार भांडकुदळ माणसं असायला हवी होती. भाषा येत नसली तरी त्यांनी गोंधळ घातला असता, घड्याळ दाखवलं असतं, अर्धा तास मिळवला असता. ती माणसं कराड स्टेशनवर वाट बघत होती. तिथनं गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. पुढं खाशाबांनी कुस्त्या लावून, जिंकून, त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. त्या कुस्त्या कुणी 'ठरलेल्या' म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

मातीतल्या माणसाला गादीचे नियम झेपत नाहीत, असं एक रडगाणं आहे. त्यात तथ्य नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी नेमकं उलट: ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायची सोय नाही, म्हणजे आपला पट गेला, ढाक गेली, टांग गेली. तरी दोघांनी ते करून दाखवलं. माने भारी की आंदळकर, हा वाद घालणारी दोन माणसं या सभागृहातही नक्की असतील. त्यांनी व्याख्यान संपेपर्यंत दम धरावा.

पैलवान नियम शिकला. प्रेक्षकाला ते कुणी शिकवले नाहीत, आणि आजची बहुतेक भांडणं इथं उगवतात. जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरील टांग लावली, पंचांनी चार गुण दिले. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर त्या डावाची काही सेकंदांची चित्रफीत आणि तिच्यावर अख्खा महाराष्ट्र पंच. वाद होता दोन की चार एवढाच. समोरच्याला उभ्यावरून टाकताना त्याची पाठ थेट धोक्यात गेली, तर चार. नुसता खाली आणून ताबा घेतला, तर दोन. पाठ आणि जमीन यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या आत आला की 'धोका'. आता शंभर फुटांवर बसलेल्या माणसाला हा कोन कसा दिसावा? पायांची चाल वाचणारा आपला म्हातारा इथं आंधळा होतो. दिसत नाही तिथं तो माणसाच्या हेतूकडं वळतो: पंच कुणाचा, तालीम कुणाची, आणि शेवटी, सांगायला लाज वाटते, पैलवानाचा धर्म कुठला. पंचांना धमकीचा फोन गेला, प्रकरण पोलिसांत गेलं. त्याच स्पर्धेची अंतिम कुस्ती शिवराज राक्षेनं चितपट जिंकली होती. तिची आठवण आज किती जणांना आहे?

म्हणून कुणी म्हणेल, गुण बंद करा, निकालीच लावा, चितपटला वाद नसतो. मीही असं म्हणालो असतो, पण २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला तेही घडलं. गादी विभागात राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूनं दिला. राक्षेचं म्हणणं, खांदे टेकलेच नाहीत. त्यानं पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वेळ संपायच्या आत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पाठोपाठ आपल्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००९ ला आपल्यावरही अन्याय झाल्याचं सांगत आपल्या दोन्ही महाराष्ट्र केसरी गदा परत करण्याचं जाहीर केलं. पंचाला लाथ मारणं याला माझ्याकडं क्षमा नाही, पैलवान कितीही मोठा असो. पण सोळा वर्षं एखाद्याच्या मनात निकाल सलत राहतो, याचा अर्थ तेव्हा त्याला कुणी नीट उत्तर दिलं नाही, असाही होतो.

आणि उत्तर द्यायचं कुणी? नोव्हेंबर २०२३ मध्ये तर महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. फुलगावला सिकंदर, धाराशिवला राक्षे. संघटना दोन, गदा दोन. साताऱ्यात २०२२ ला, तब्बल ५९ वर्षांनी स्पर्धा आली, पावसानं गाठली, पृथ्वीराज पाटील जिंकला आणि त्यालाच सांगावं लागलं की गदा मिळाली, रोख बक्षीस नाही. अशा कारभारात लोकांनी अफवांवर विश्वास ठेवला तर दोष अफवेला किती द्यायचा? त्यातल्या त्यात सांगलीचं २०२३ चं मैदान मला समाधान देऊन गेलं. पहिली महिला महाराष्ट्र केसरी तुंगची प्रतीक्षा बागडी. बायकांची कुस्ती बघायला येतंय कोण, असं म्हणणारे मी स्वतः गॅलरीत बसलेले पाहिले, आणि तेच नंतर डावांची नावं घेऊन वाद घालत होते.

माझी मागणी लहान आहे आणि ती संघटनांकडं नाही, कारण त्या आपापसांत गुंतल्यात. ती आपल्या जिल्ह्यांतल्या जत्रा कमिट्यांकडं आहे. निवेदक तुमच्याकडं आहेतच, कोथळीच्या शंकर पुजारींसारखा माणूस नुसत्या आवाजावर हजारोंचा फड धरून ठेवतो. त्यांना सांगा, गुण दिला की का दिला ते तिथल्या तिथं माइकवर बोला: पाठ धोक्यात गेली, चार, रेषेबाहेर गेला, एक. फडाच्या दोन्ही बाजूंना गुणफलक लावा. मोठ्या कुस्त्यांना एक कॅमेरा वर टांगा आणि वादाचा डाव पडद्यावर सगळ्यांना दाखवा, निकाल जाहीर करायच्या आधी. खर्च कोण करणार, असं आत्ता पुढच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. नंबर एकच्या कुस्तीला लाखांचं इनाम लावता, पोस्टरवर तीस पुढाऱ्यांचे फोटो छापता. त्यातले दहा फोटो कमी करा, कॅमेऱ्याचं भाडं निघेल. कुठले दहा, ते मात्र कमिटीनं आपसांत ठरवावं. त्यात मी पडणार नाही.