विरामचिन्हे कानाने शिकवू या

मोडी लिपीतली जुनी पत्रे पाहिली, तर शब्द एकमेकांना चिकटलेले आणि विरामचिन्हे जवळपास नाहीतच. मराठीत ती रुजवण्याचे मोठे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना जाते.

आठवी-नववीच्या वर्गात मात्र चिन्हांचा तक्ता पाठ होतो आणि वहीत स्वल्पविराम दिसत नाही. त्यापेक्षा फळ्यावर एकच वाक्य लिहावे : सर उद्या येणार नाहीत. ते सलग वाचले, तर रजा सरांची. 'सर' म्हणून क्षणभर थांबले, तर सरांना कुणीतरी सांगते आहे की दुसरेच कुणी येणार नाहीत. मुलांकडून दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावे. स्वल्पविराम कुठे, हे तीच सांगतात.

व्याकरणही मुलांच्याच वहीतून घ्यावे. 'आईने भाकरी केली', 'आईने भाकऱ्या केल्या'. करणारी तीच, तरी क्रियापद बदलले. का? हा प्रश्न आधी, 'कर्मणी प्रयोग' हे नाव नंतर.

निबंधाचे दुखणे मला सर्वांत मोठे वाटते. 'पावसाळा' म्हटले की गाईडमधला तोच हिरवा शालू सगळ्या वह्यांत. विषय जवळचा द्यावा : पहिल्या पावसात आपल्या एसटी स्टँडवर काय होते? मग गळके छत येते, चिखल येतो, भिजलेली दप्तरे येतात. पहिला खर्डा झाला की शेजारच्याने तो मोठ्याने वाचावा. वाचणारा जिथे अडखळतो, तिथे लिहिणाऱ्याने खूण करावी आणि तेवढेच वाक्य पुन्हा लिहावे.