आकडी, लस आणि एक जनुक

पाच-सहा महिन्यांचे हसतेखेळते मूल लस टोचल्यावर तापते आणि त्याला आकडी येते. ती लवकर थांबत नाही. पुढे ताप चढला की झटके पुन्हा येतात. दुसऱ्या वर्षापासून बोलणे-चालणे मागे पडू लागते. अशा घरात दोष बहुधा लसीला दिला जातो, नाहीतर आईला. बाहेरच्या बाधेची चर्चा तर विचारूच नये.

या विकाराचे स्वतंत्र वर्णन फ्रान्समधील डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये केले. कारण सापडले ते २००१ साली, बेल्जियममधील संशोधकांना. मज्जापेशींच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी एका प्रकारच्या दाराचा आराखडा दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘एससीएन१ए’ या जनुकात असतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, की अशी दारे अपुरी पडतात. मग मेंदू शांत का होत नाही? कारण या दारांवर अधिक विसंबून असतात त्या इतरांना आवर घालणाऱ्या पेशी. राखणदारच दुबळा झाल्यावर दुसरे काय होणार!

हा बिघाड बहुतेक मुलांत नव्यानेच उद्भवलेला असतो. तो आईबापांकडून आलेला नसतो. लसीमुळे मेंदू बिघडला असे मानले गेलेले १४ रुग्ण ऑस्ट्रेलियातील डॉ. सॅम्युएल बर्कोविक व सहकाऱ्यांनी तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११ जणांत हाच जनुकदोष निघाला. लसीच्या तापाने पहिली आकडी थोडी अलीकडे ओढली जाऊ शकते. रोगाचे मूळ मात्र जन्माआधीचे असते.

जनुक कळल्याने औषधाची निवडही बदलते. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही नेहमीच्या वापरातील औषधे सोडियमची दारेच अडवतात. त्यामुळे या मुलांचे झटके वाढू शकतात. त्यांना व्हॅलप्रोएट, क्लोबाझाम यांसारखी औषधे देतात. अर्थात पालकांनी आपल्या मनाने गोळी बंद करणे घातकच; बदल डॉक्टरांनी करावयाचा असतो. जनुकाच्या निरोगी प्रतीकडून अधिक काम करून घेणारे, पाठीच्या कण्यातील द्रवात टोचावयाचे औषधही चाचण्यांत आहे.

जनुकतपासणी अद्याप खेड्यापासून दूर आहे. तोवर अंगणवाडीत किंवा शाळेत झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. तारीख, वेळ आणि अंगात ताप होता का, एवढे वहीत लिहून ठेवावे. तपासणारे डॉक्टर प्रथम हेच विचारतात.